कानात बोलणारा माणूस

१

मनोऱ्याच्या गच्चीवरून पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं ते सहलीतल्या टाइल्सवाल्यांनी. त्यांना फोटो काढायचा होता. पण मोबाइल तसाच हातात राहिला आणि ते म्हणाले, "अहो, हे कोण झोपलंय खाली?"

खाली, तटाच्या पायथ्याशी, ढासळलेल्या दगडांवर एक माणूस पालथा पडला होता. अंगात राखाडी जाकीट. असं जाकीट त्या सहलीत एकाच माणसाचं होतं.

"प्राध्यापक," कुणीतरी पुटपुटलं.

त्यावर कुणी 'अरेरे' म्हटलं नाही. माणूस गेला की तोंडून आपसूक निघते ती हळहळसुद्धा त्या गच्चीवर कुणाला फुटली नाही. त्याला कारणही होतं. देशाचा सगळा इतिहास एका आठवड्यात दाखवणारी ही सहल, आणि पहिल्या दिवसापासून या माणसाने बसमधल्या एकेकाचा पाणउतारा करायचा जणू विडाच उचलला होता. टाइल्सवाल्यांना त्यांनी भर जेवणात सुनावलं होतं, "फरशा विकणाऱ्यांनी राजवाड्यांवर मतं देऊ नयेत." स्वतःच्या बायकोला ते चारचौघांत 'मंदबुद्धी' म्हणत. आणि गाइडला तर त्यांनी एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं. "चूक! माझं पुस्तक वाचा. पान उघडून दाखवू?"

डॉक्टरीणबाई तेवढ्या जिन्याकडे वळल्या. भूल देण्याच्या कामात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पडलेला माणूस दिसला की पाय आपोआप तिकडे निघत. भिंतीला हात टेकत, गुडघ्यांना शिव्या देत त्या तो गोल जिना उतरल्या आणि प्राध्यापकांच्या मानेला बोटं लावली.

काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी वर पाहिलं. मनोऱ्याच्या निम्म्या उंचीवर, जिन्यातल्या एका दारातून, तटावरून चालायची वाट फुटत होती. तिचा कठडा चांगला छातीएवढा, पण एके ठिकाणी ढासळलेला. तिथून कुणी पडू नये म्हणून किल्ल्याच्या लोकांनी आडवा दोर बांधला होता. तो दोर आता एका टोकाने खाली लोंबत होता. तुटला नव्हता. त्याची गाठ सोडलेली होती.

आणि त्या खिंडाराजवळच्या दगडी बाकावर वाऱ्याने काहीतरी फडफडत होतं. डाळिंबी रंगाचा स्कार्फ.

तो स्कार्फ त्यांच्या नणंदेचा होता. आणि त्याच दिवशी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत नणंद प्राध्यापकांना म्हणाली होती, "आज चला त्या मनोऱ्याकडे. तिथूनच ढकलून देते तुम्हाला!"

२

या दोघी एका सहलीला आल्या कशा, हे कोडं आधी बसमधल्या लोकांना पडलं होतं. एका खोलीत राहायच्या, पण नाश्त्याला वेगवेगळ्या टेबलांवर बसायच्या.

सहल खरं तर डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने ठरवली होती. दोघांची. जायच्या आधीच तो गेला. नणंद म्हणाली, "माझ्या भावाची जागा रिकामी कशाला जाऊ द्यायची? मी येते." 'नको' म्हणायला डॉक्टरीणबाईंना वेळ मिळाला नाही. तेव्हापासून वन्सं त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हातून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून घेत होत्या आणि पाणी पिऊन झालं की टोमणा मारत होत्या. संधिवाताने बोटं वाकडी झाली होती. जिभेला मात्र कुठला रोग शिवला नव्हता.

"दुसऱ्यांच्या नवऱ्यांना झोपवून उठवलंस आयुष्यभर. स्वतःचा तेवढा उठवता आला नाही."

डॉक्टरीणबाई उत्तर देत नसत. द्यायचं ठरवलं असतं तर एका वाक्यात भागलं नसतं.

प्राध्यापकांशी नणंदेचं वाजलं ते पहिल्याच दिवशी. बसमध्ये मधल्या वाटेच्या अलीकडे ती, पलीकडे ते. तिने विचारलं, "कुठून आलात?" उत्तर नाही. "अहो, मी विचारतेय." उत्तर नाही. ते आपले खिडकीबाहेर बघत बसले. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. झालं! ठिणगी पडली. मग दररोज काही ना काही. तिला वाटायचं, हा माणूस आपल्याला मोजतच नाही.

इन्स्पेक्टर आला तो मध्यम वयाचा, सुस्त डोळ्यांचा माणूस होता. त्याने स्कार्फ पाहिला, नाश्त्याच्या टेबलावरची धमकी चारजणांकडून ऐकली आणि नणंदेला विचारलं, "तटावर गेला होता का?"

"मी? मी खाली तिकीटघराशी बसले होते. माझे गुडघे बघा!"

"मग हा स्कार्फ वर कसा?"

नणंदेचा हात रिकाम्या गळ्याशी गेला. दरवाज्यावरच्या माणसानेही सांगितलं की, डाळिंबी स्कार्फवाल्या बाई जिना टाळून बाहेरच्या गाडीवाटेने तटावर चढल्या आणि थोड्या वेळाने रागारागाने पाय आपटत खाली आल्या.

इन्स्पेक्टर म्हणाला, "चला आमच्याबरोबर."

जीपमध्ये चढताना नणंदेने मागे वळून पाहिलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आता ती म्हणेल, सांग ना यांना काहीतरी. पण ती म्हणाली, "माझ्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत. दुसऱ्या पिशवीत हात घालू नकोस."

३

संध्याकाळी इन्स्पेक्टर हॉटेलच्या जेवणघरात ठाण मांडून बसला आणि एकेकाला बोलावू लागला. डॉक्टरीणबाईंना त्याने शेजारच्याच खुर्चीवर बसवून घेतलं. "तुम्ही प्रेत पहिल्यांदा तपासलंत. बसा. काही खटकलं तर सांगा." हे त्यांना जरा नवलाचं वाटलं, पण त्या बसल्या.

टाइल्सवाले आले ते आधीच तापलेले. "माझ्यावर संशय असेल तर सरळ बोला. भांडलो होतो. पुढची जागा आमची होती, त्यांनी बळकावली. पण मी जिन्यात होतो. माझ्या मागे माझी बायको, तिच्या मागे या डॉक्टरीणबाई, त्यांच्या मागे प्राध्यापकांची बायको. जिना एवढा अरुंद की कुणी कुणाला ओलांडून जाऊ शकत नाही. विचारा यांना."

खरं होतं. सगळे मुंग्यांसारखे एका रांगेत चढत होते.

"आणि रांगेच्या पुढे?"

"पुढे गाइड. तो नेहमी आधी वर जाऊन उभा राहतो. दिसत नव्हता, पण कानात होता ना! सारखा बोलत होता." टाइल्सवाल्यांनी गळ्यातली डबी दाखवली. सहलीत प्रत्येकाला अशी डबी आणि कानात घालायचं बोंडूक दिलेलं होतं. गाइडच्या कमरेला मोठी डबी, गालाशी माइक. तो कुठेही असो, आवाज सगळ्यांच्या कानात. "पायथ्यापासून गच्चीपर्यंत एक क्षण थांबला नाही पठ्ठ्या."

"प्राध्यापक तुमच्याबरोबर का नव्हते?"

"त्यांचं नेहमीचं. 'मी तटावरून येतो, मला माझा शिलालेख बघायचाय.' त्यांच्या पुस्तकात आहे म्हणे तो. त्यांनीच शोधला. दिवसातून दहादा ऐकवायचे."

मग प्राध्यापकांची बायको आली. डोळे कोरडे. खुर्चीच्या टोकावर बसली, जणू कुणीतरी आत्ता उठ म्हणणार आहे.

"तुमचे संबंध कसे होते?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"होते," ती म्हणाली.

"त्यांचं कुणाशी जुनं वैर?"

"ज्यांच्याशी ओळख झाली त्या सगळ्यांशी."

डॉक्टरीणबाईंनी मध्येच विचारलं, "त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं ना?"

ती दचकली. "तुम्हाला कसं कळलं? कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. वर्गातल्या मुलांना कळलं तर खिल्ली उडवतील म्हणून पहिल्यापासून लपवलं. जे अगदी जवळ राहिले त्यांनाच माहीत. मी, आणि पूर्वी त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी एक-दोन मुलं."

"डॉक्टर आहे मी. मान कुठे वळते ते बघायची सवय आहे."

शेवटी गाइड आला. चाळिशीचा, बारीक, दाढीवाला. हातात गरम पाण्याचा पेला. आदल्या दिवशी राजवाड्याच्या तळघरातल्या धुळीने त्याचा घसा पार बसला होता. दोन शब्दांमागे एक खोकला.

"मी... मी काय सांगू?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वर उभा राहून वाट बघत होतो. सरांनी माझा अपमान केला, हो. पण गिऱ्हाईक आहेत. आमच्या धंद्यात कान... बंद ठेवावे लागतात."

"तुमच्या कामावर तक्रार करणार होते ते?"

"करणार होते. माझं लायसन्स रद्द करवतो म्हणाले." तो हसला आणि खोकल्याची उबळ आली. "पण मी तर सगळ्यांच्या कानात होतो, साहेब."

इन्स्पेक्टरने वही मिटली. "म्हणजे रांगेतले सगळे सुटले. गाइड सुटला. उरल्या एकट्या तुमच्या नणंदबाई."

"तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोराची गाठ ती सोडणार कशी?"

"राग आला की माणसाला काहीही जमतं, बाई. तुम्ही उद्या त्यांना भेटा. खरं बोलल्या तर त्यांचंच भलं होईल. नाहीतर परवा मी कागद कोर्टात पाठवतो."

४

चौकीच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर पाल. नणंद बसली होती ती पाठ ताठ करून.

"गोळ्या आणल्यास?"

"आणल्या. वन्सं, खोटं का बोललात?"

"तुला काय करायचंय? तुझ्या मनासारखंच झालं ना? आता बसमध्ये ऐसपैस बस."

"ऐसपैस बसेन नंतर. आधी सांगा, वर काय झालं?"

नणंदेने पाणी मागितलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली उघडून दिली. पाणी पोटात गेल्यावर तिचा आवाज थोडा खाली आला.

"गेले होते वर. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. हा बाबा त्या खिंडाराजवळ उभा, बाहेरच्या बाजूला तोंड करून. मी बोलतेय, बोलतेय, आणि हा ढिम्म! शेवटी बाकावर बसून चांगल्या शिव्या घातल्या. तेव्हाही नाही वळला. मग म्हटलं, मर तिकडे! आणि आले उतरून. आता हे पोलिसांना सांगू? शेवटचे शब्द माझे 'मर तिकडे', आणि तो मेला!"

"दोर बांधलेला होता तेव्हा?"

"होता की. त्या दोरालाच धरून उभा होता तो."

"तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला होता?"

"हे काय विचारणं? बाक डावीकडे आहे. डाव्या बाजूला."

"आणि बसमध्येही तुम्ही त्याच्या डाव्या हातालाच बसायच्या." डॉक्टरीणबाई खुर्चीवर मागे रेलल्या. "त्याला त्या कानाने ऐकू येत नव्हतं, वन्सं. तुमचा एक शब्दही त्याने ऐकला नाही. पहिल्या दिवशीचाही नाही."

नणंदेच्या चेहऱ्यावर राग पसरला. कुणावर करावा हे न कळलेला राग.

"म्हणजे मी पाच दिवस भिंतीशी भांडत होते?" ती म्हणाली. "मग त्या गाइडचं बरं ऐकू यायचं त्याला! तो कुजबुजला तरी लगेच मान वळवायचा. मी ओरडले तरी नाही. म्हणून तर मला वाटलं की मुद्दाम करतोय."

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांना आठवलं, सहलीच्या पहिल्या सकाळी बसजवळ प्राध्यापकांची बॅग घ्यायला गाइड पुढे आला तो समोरून चालत आला होता. समोर उभा राहून बोलला असता तरी चाललं असतं. पण तो वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला गेला आणि मग म्हणाला, "या, सर."

तेव्हा त्यांची ओळख होऊन एक मिनिटही झालं नव्हतं.

५

चौकीपासून हॉटेलपर्यंत डॉक्टरीणबाई चालत गेल्या. चालताना माणसाला विचार करता येतो असं म्हणतात. त्यांना मात्र चालताना धाप लागत होती आणि आज ती धापच विचार करत होती.

नाश्त्याच्या टेबलावरची आणखी एक गोष्ट त्यांना आठवली. नणंदेची धमकी देऊन झाल्यावर, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे असताना, प्राध्यापक गाइडकडे झुकून हळूच म्हणाले होते, "तो लेख नेमका कुठून दिसतो हो?" गाइडने तितक्याच हळू सांगितलं होतं, "खिंडारातून खाली वाकलात की दिसेल, सर."

ज्याने शिलालेख शोधून काढला, त्यालाच तो कुठे आहे हे विचारावं लागतं?

पण हे सगळं सांगून उपयोग काय? ओळख होती म्हणून खून केला असं होत नाही. आणि गाइड तर जिन्यात होता, वर चढत होता, सगळ्यांच्या कानात बोलत होता. स्वतः डॉक्टरीणबाईंनी ऐकलं होतं. ते सगळं व्याख्यान त्यांनी मनात पुन्हा लावून पाहिलं. 'या पायऱ्या मुद्दाम उंच-सखल केलेल्या आहेत, शत्रू अडखळावा म्हणून... सावकाश या, मीही सावकाशच चढतो आहे...' छान आवाज. मोकळा, खणखणीत.

रस्त्याच्या मधोमध त्या थांबल्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवून शिवी दिली.

गेली कित्येक वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उशाला उभं राहून त्यांनी एकच गोष्ट ऐकली होती. श्वास. सर्जन पोटात बघतो, नर्स घड्याळाकडे बघते, भूल देणारा श्वास ऐकतो. आणि त्या जिन्यात त्यांच्या कानात जो श्वास येत होता, त्यात...

त्या वळल्या आणि पुन्हा चौकीकडे निघाल्या. इन्स्पेक्टर डबा उघडून बसला होता.

"उद्या सकाळी सगळ्यांना मनोऱ्यापाशी आणा," त्या म्हणाल्या. "आणि डब्या आणायला सांगा. प्रत्येकाच्या कानात बोंडूक हवं."

६

सकाळी किल्ल्याच्या चौकात सगळे उभे होते. टाइल्सवाले बायकोवर खेकसत होते. प्राध्यापकांची बायको एकटीच एका पायरीवर बसली होती. नणंदेला दोन शिपायांमध्ये आणलं होतं. तिच्याही कानात बोंडूक होतं आणि ते तिला टोचत होतं, हे ती मोठ्याने सांगत होती.

"एक साधी गोष्ट करायची आहे," डॉक्टरीणबाई गाइडला म्हणाल्या. "परवा चढलात तसंच चढा. बोलत बोलत. तेच व्याख्यान. आम्ही खाली उभं राहून ऐकतो."

"कशासाठी?" त्याने खोकत विचारलं.

"इन्स्पेक्टरसाहेबांनी ऐकलेलं नाही म्हणून."

इन्स्पेक्टरने मान डोलावली. गच्चीवर त्याचा एक माणूस होता, तटावर दुसरा. गाइडने ते पाहिलं. क्षणभर तो डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिला. मग माइक गालाशी नीट केला आणि जिन्याच्या अंधाऱ्या तोंडात शिरला.

सगळ्यांच्या कानात त्याचा आवाज आला. "या पायऱ्या मुद्दाम... उंच-सखल केलेल्या आहेत..." खोकला. "शत्रू अडखळावा... म्हणून." एक श्वास. मग दुसरा, जास्त मोठा. "सावकाश या. मीही..." धाप. नुसती धाप. दगडी जिन्यातून वर जाणाऱ्या माणसाच्या छातीचा भाता सगळ्यांच्या कानात फुसफुसत होता. टाइल्सवाल्यांनी दचकून बायकोकडे पाहिलं.

"परवा असं ऐकू आलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"नाही," टाइल्सवाले म्हणाले. "परवा तर... अगदी रेडिओसारखं!"

"चढणीवर बोलणाऱ्याचं वाक्य जागोजाग तुटतं. मी स्वतः धापा टाकत चढत होते, मला हे आधीच कळायला हवं होतं. परवा त्या आवाजाला ना धाप होती, ना खोकला. आदल्या दिवशी घसा बसलेला. खाली बसमधून उतरताना बसलेला. वर गच्चीवर भेटला तेव्हाही बसलेला, शिवाय घामाघूम. फक्त मधल्या जिन्यात तेवढा खणखणीत? तो आवाज आधी कधीतरी भरून ठेवलेला होता. मोबाइल डबीला जोडला आणि सोडून दिला. तो आमच्या कानात बोलत होता, तेव्हा हा माणूस जिन्यातल्या दारातून तटावर गेला होता आणि आम्ही त्या दारापर्यंत पोचायच्या आत परतून वर धावला."

डॉक्टरीणबाई हे खाली बोलत होत्या. जिन्यात गाइडला ते ऐकू जायचं कारण नव्हतं. तरीही जिन्यातली पावलं थांबली. कानात फक्त श्वास राहिला, हळूहळू खाली बसत जाणारा. इन्स्पेक्टर पाऊल टाकणार तोच आवाज आला.

"पुरे," गाइड म्हणाला. "मला कळलं तुम्ही काय ऐकताय ते."



"घसा कुणाला सांगून बसत नाही. आवाज मी सहल निघायच्या आधीच भरला होता. प्रवाशांमध्ये सरांचं नाव पाहिलं त्याच दिवशी." खोकला. "सरांच्या हाताखाली मी संशोधन करत होतो. चार वर्षं या देशातला एकेक किल्ला पायी हिंडलो. प्रबंध त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, दर्जा नाही. मला काढून टाकलं. दोन वर्षांनी तोच प्रबंध पुस्तक होऊन आला. वर नाव त्यांचं. त्यानंतर कुठल्याही कॉलेजात मला कुणी उभं केलं नाही. सर सगळीकडे सांगून ठेवत, मुलगा चोर आहे म्हणून."

प्राध्यापकांची बायको कानावर हात ठेवून ऐकत होती. बोंडूक पडू नये म्हणून दाबून धरल्यासारखा.

"त्यांनी मला ओळखलं नाही. दाढीमुळे असेल. की बघायचीच गरज वाटली नाही म्हणून असेल. पाच दिवस रोज माझीच वाक्यं मला ऐकवून माझ्याच चुका काढत होते. आणि काल... परवा सकाळी मला विचारलं, तो लेख कुठून दिसतो? माझा लेख. मी दोराला लटकून वाचलेला. पुस्तक लिहिणाऱ्याने तो एकदाही पाहिला नव्हता."

बराच वेळ नुसता श्वास.

"मी गाठ सोडली तेव्हा ते शेजारीच दोरावर भार टाकून खाली वाकून बघत होते. उजवीकडून गेलो असतो, नाव सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी ओळखलं असतं. मी डावीकडून गेलो."

जिन्यातून पावलं येऊ लागली. खाली उतरणारी. इन्स्पेक्टरचे दोन शिपाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

प्राध्यापकांच्या बायकोने कानातलं बोंडूक काढून पायरीवर ठेवलं. "पुस्तक त्यांचं नाही हे मला ठाऊक होतं," ती कुणालाच उद्देशून नव्हे अशी बोलली. "एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना मी एकही टेकडी चढताना पाहिलं नव्हतं. मी विचारलं होतं एकदा. त्याच दिवसापासून मी मंदबुद्धी झाले."

७

नणंदेला दुपारी सोडलं. चौकीबाहेरच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. टॅक्सी यायची होती. सहल तिथेच मोडली होती आणि उरलेली स्थळं बघायची कुणाला इच्छाही नव्हती.

डॉक्टरीणबाई थोडं अंतर सोडून बसल्या.

"माझी खात्री होती का तुला?" नणंदेने समोर बघत विचारलं. "मी ढकललं नाही म्हणून?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही ढकललं असतंत तर तेही मी असंच उभं राहून सांगितलं असतं."

"माहीत आहे मला." नणंदेने पिशवीची चेन बंद करायचा प्रयत्न केला, बोटांना जमलं नाही, तशीच सोडली. "परवा जीपमध्येच मी त्या इन्स्पेक्टरला म्हटलं, माझ्या वहिनीला जवळ बसवून घ्या. ती म्हणेल ते माना. तो म्हणाला, घरच्या माणसाची साक्ष काय मानायची? म्हटलं, घरची कसली, सात जन्मांची वैरीण आहे ती माझी. माझ्या बाजूने एक अक्षर खोटं बोलायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. म्हणून त्याने ती खुर्ची दिली होती.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय? घरी गेल्यावर मी तुझ्याकडे यायची नाही, तू माझ्याकडे यायचं नाहीस. माझ्या भावाला तू वाचवलं नाहीस, ते काही मी विसरलेले नाही."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टॅक्सी आली. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून दोघींचं वाजलं आणि शेवटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मागे बसा दोघी, नाहीतर उतरा." तेव्हा दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या.